फड्या निवडुंग : कुंडीतून तव्यावर

बेळगावात निवडुंग उन्हानं मरत नाही, पावसानं मरतो. अथणीकडं पाऊस कमी, तिथं बांधावर टाकलेला फडासुद्धा, म्हणजे निवडुंगाचा पानासारखा चपटा तुकडा, मुळं धरतो. इथं पहिल्या वर्षी मी काळ्या मातीत लावलेले तिन्ही फडे आषाढातच गेले. बोट लावलं तर आत नुसती आंबील.

आधी ओळख. खायचा तो चपट्या फड्यांचा, चाऱ्यासाठी लावतात तो बिनकाट्याचा फड्या निवडुंग. आमच्या कन्नड शेजारणी फड्याला पापासकळ्ळी म्हणतात. तोडल्यावर पांढरा चीक गळला तर तो शेर किंवा त्रिधारी. तो खायचा नाही, आणि चीक डोळ्यात तर जाऊच द्यायचा नाही.

लावणी दिवाळीनंतर करा. जून झालेला, हाताच्या पंजापेक्षा मोठा फडा सांध्यावर कापून घ्या आणि दहा-पंधरा दिवस सावलीत उभा ठेवा. कापलेली जागा खपलीसारखी कोरडी झाली पाहिजे. इथं घाई केली की सगळं कुजतं. बारा इंची कुंडी, तळाला खापऱ्या, निम्मी तांबडी माती, निम्मा मुरूम किंवा जाड वाळू, मूठभर जुनं शेणखत. फडा एक तृतीयांश पुरा. दोन आठवडे पाणी नाही. पाणी फड्यातच असतं. पुढं माती पूर्ण सुकल्यावरच घाला. ऊन मात्र भरपूर हवं. मिरगाच्या आधी कुंडी छपराखाली घ्या, पण पागोळ्यांपासून लांब.

फड्यावर कापसासारखे ठिपके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग आला, तर तो कोचिनील किडा. रानात माजलेला काटेरी निवडुंग मारायला त्याच्या कुळातला किडा १९२६ साली दक्षिण भारतात मुद्दाम आणला होता. कुंडीत आला तर जुन्या दातब्रशनं साबणपाणी लावून घासून काढा.

पहिलं वर्ष तोडू नका. झाड चार-पाच फड्यांचं झालं की नवे, चकचकीत, वीतभराच्या आतले फडे घ्या. तेही दुपारनंतर. रात्रीत फड्यात आम्ल साठतं आणि उन्हात उतरतं, त्यामुळं सकाळी तोडलेला फडा फार आंबट लागतो.

बिनकाट्याचा म्हटलं तरी डोळ्याडोळ्यावर बारीक कुसं असतातच. चिमट्यानं धरा, सुरीनं प्रत्येक डोळा खरवडा, कडा बोटभर कापून टाका, धुवा. मी एकदा सवयीनं पदराला हात पुसला. दोन दिवस तो पदर टोचत होता. बोटातली कुसं चिकटपट्टीनं निघतात.

आता भाजी. फड्याच्या लांबट फोडी करून कोरड्या लोखंडी तव्यावर मीठ घालून परता. भेंडीसारखी तार सुटेल. घाबरू नका, झाकण ठेवू नका. दहाएक मिनिटांत तार आटते आणि पोपटी रंग लोणच्यातल्या कैरीसारखा होतो. मग तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, कांदा, संकेश्वरी मिरची, आणि वरून डाळीचं पीठ भुरभुरून झुणक्यासारखं सुकं करा. आमसूल नको, आंबटपणा आहेच. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर चांगलं लागतं. चपातीबरोबर मला नाही आवडलं.

पहिल्यांदा थोडंच खा. मुतखडा असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. न चिरलेले फडे कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात.