जुनी होलो-बॉडी गिटार घेताय? आधी आत डोकावून बघा

जुनी होलो-बॉडी, म्हणजे आतून पोकळ, इलेक्ट्रिक गिटार विकायला दिसली की बहुतेक जण आधी हेडस्टॉकवरचं (गिटारच्या वरच्या टोकावरचं) नाव आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग) बघतात, माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, आधी लाकूड बघा. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचा भाग), ट्युनर (तारा पिळायच्या खुंट्या), अगदी पिकअपसुद्धा नंतर मिळतात, पण आतला ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी पट्टी) सुटला असेल किंवा नेकचा कोन गेला असेल तर दुरुस्तीचं बिल बघून घाम फुटतो.

उदाहरण म्हणून गिब्सनची ईएस-१७५ घेऊ, माझ्या मते पहिली जुनी गिटार म्हणून हिच्याइतकी चांगली दुसरी नाही. १९४९ ला मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यातून ही आली, मेपलच्या प्लायची १६ इंची बॉडी, सुरुवातीला एकच पी-९० (एका कॉइलचा) पिकअप, १९५३ पासून दोन पिकअपवाली १७५डी आणि १९५७ पासून हमबकर (दोन कॉइलचे पिकअप). जिम हॉल, जो पास, पॅट मेथेनी अशा सगळ्या जॅझ गिटारवादकांच्या हातात ही दिसते. प्लाय म्हटल्यावर नाक मुरडू नका, कोरीव स्प्रूस टॉपपेक्षा ती फीडबॅक (अँपसमोर येणारी शिट्टी) कमी देते आणि हवा बदलली तरी सहसा तडकत नाही. आणि हो, गिब्सनचीच ईएस-३३५ म्हणजे होलो-बॉडी नव्हे, तिच्या पोटात मधोमध लाकडी ठोकळा असतो, तशीच दिसणारी ३३० आणि एपिफोनची कॅसिनो मात्र पूर्ण पोकळ.

बघायला जाताना डेंटिस्टकडे असतो तसा छोटा आरसा आणि बारीक टॉर्च न्या. एफ-होलमधून (टॉपवरच्या f आकाराच्या भोकातून) आत बघा, ब्रेस टॉपला नीट चिकटलेत का, कुठे नवीन गोंदाचे ओघळ आहेत का, मग टॉपवर बोटाच्या पेराने हलकं ठोकत जा, खुळखुळ किंवा बझ आला तर काहीतरी सुटलंय. ब्रिज (टॉपवरचा, तारा ज्यावर टेकतात तो आधार) तळापर्यंत खाली घेऊनही तारा उंच राहत असतील तर नेक रिसेट (नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवणं) लागणार असं समजा, ६० च्या दशकातल्या ग्रेच कंपनीच्या गिटारमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. गिब्सनमध्ये नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) मागे नखाने चाचपून बघा, हेडस्टॉक तिथेच मोडतो, आणि रंग मारून लपवलेलं काम यूव्ही टॉर्चखाली वेगळं चमकतं. नीट जोडलेला हेडस्टॉक वाजवायला काहीच वाईट नाही, फक्त किंमत बरीच खाली हवी.

पॉटवरचे आकडेही वाचा. १३७६६२० म्हणजे सीटीएस कंपनीचा, १९६६ च्या विसाव्या आठवड्यातला पॉट. यावरून एवढंच कळतं की पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याच्या आधीची नाही, म्हणून सोल्डरला कुणी हात लावलाय का तेही बघायचं. पीएएफचा (गिब्सनच्या सुरुवातीच्या, फार मागणी असलेल्या हमबकरचा) स्टिकर दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, नकली स्टिकर सर्रास मिळतात, आणि खात्री करायला पिकअपचं कव्हर तर अजिबात उघडू नका, मूळ सोल्डर तुटलं की किंमत गेलीच.

जुन्या ग्रेचचं बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, वेगळं तपासा. ते सेल्युलॉइडचं, वयाने आकसतं, भुगा होतो आणि त्यातून निघणाऱ्या वाफेने जवळचे धातूचे भाग गंजतात. जुन्या पिकगार्डचंही तेच. असं सुरू झालेलं दिसलं तर तो भाग काढून वेगळा ठेवा, केस मधूनमधून उघडी ठेवा आणि ती गिटार बाकीच्यांपासून लांब.

आता सांभाळणं. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायची, केसमध्ये छोटा हायग्रोमीटर टाका. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात सिलिका जेल लागतंच आणि ते वरचेवर वाळवावं किंवा बदलावं लागतं, नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र उलट ओलावा द्यावा लागतो. भिंतीला टांगून ठेवणं मला पटत नाही, बाहेरच्या भिंतीला पावसात ओल धरते. नायट्रो लॅकरला (जुन्या गिटारवरच्या नायट्रोसेल्युलोजच्या थराला) रबर आणि व्हिनाइल चालत नाही, स्टँडवर ठेवली तर मध्ये सुती कापड हवं. सॅनिटायझरचे हात लावू नका, अल्कोहोलने लॅकर विरघळतं. पुसायला मऊ सुती कापड पुरे, सिलिकॉनवालं पॉलिश नको.

१७५ सारख्या गिटारचा ब्रिज फक्त तारांच्या दाबावर उभा असतो, त्यामुळे तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज हलतो आणि इंटोनेशन पुन्हा लावत बसावं लागतं, म्हणजे बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळेपर्यंत ब्रिज मागेपुढे. जागा लक्षात राहावी म्हणून टेप लावू नका, जुनं लॅकर टेपबरोबर निघून येतं. तारा म्हणाल तर १२ च्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच) फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या, ब्रिज नीट बसतो आणि आवाजही या गिटारला शोभेल असा भरीव येतो.

पॉट खरखरला तर वायरिंग एफ-होलमधूनच बाहेर काढावं लागतं. पॉट आवळणारा नट सोडण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्यावर पातळ प्लास्टिकची नळी घट्ट बसवा, काम झालं की त्याच नळीने ओढून पॉट जागेवर येतो, नाहीतर अख्खी दुपार आत चाचपडण्यात जाते. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत भरून केसमध्येच ठेवा.

परदेशातून आणणार असाल तर फिंगरबोर्डचं लाकूड आधी विचारा. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, त्याला परमिट लागतं आणि ते हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका.