वर्षावनाच्या प्रवासाआधी पिवळे कार्ड
गयाना, सुरिनाम किंवा गॅबनच्या वर्षावनात पहिल्यांदाच जाणाऱ्यांची अडवणूक परततानाही होऊ शकते, कारण पीतज्वराच्या (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा आजार) लसीचे वैध प्रमाणपत्र नसल्यास भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र 10 दिवसांनी वैध होते आणि पुढे आयुष्यभर चालते, तेव्हा तिकीट निघेपर्यंत थांबण्यात काहीच हशील नाही. केंद्रातून निघण्यापूर्वी प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवरील (पिवळ्या कार्डावरील) नाव व पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत आणि सही-शिक्का उमटला आहे ना, हेही बघावे. जंगलातल्या दमट हवेत शाई पसरते, म्हणून पुस्तिका झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून हातसामानात ठेवावी. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.