हिरवळ उन्हाळ्यात जगते आणि सप्टेंबरात मरते: सोलापूरच्या अंगणातल्या या चुका टाळा

उन्हाने मेलेल्या हिरवळीपेक्षा पाण्याने मेलेली हिरवळ सोलापुरात मी जास्त पाहिली आहे. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत बादलीबादलीने जगवलेलं गवत परतीच्या पावसात चार दिवसांत कुजतं, तेव्हा जीव हळहळतो.

याचं कारण आपल्या आखणीत आहे. आपला जिल्हा दुष्काळी म्हणून बाग आखताना उन्हाळाच डोळ्यांसमोर असतो. टाकी केवढी, नळी कुठपर्यंत पोचेल, एवढंच विचारतो. पण आपल्याकडे पावसाचा मोठा महिना सप्टेंबर, आणि तो पाऊस कधीकधी एका रात्रीत ओतून जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये ते पाहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं वेढली, तेव्हाही पाहिलं. नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या अंगणातही त्या दिवसांत घोटाभर पाणी होतं.

उतार न बघता लॉन अंथरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. काळी माती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते. भेगा बुजल्या की पाणी खाली जायचं जवळजवळ थांबतं. मग मुळांना हवा मिळत नाही, आणि वरून हिरवं दिसणारं गवत खालून काळं पडत जातं.

म्हणून गवत आणण्याआधी एक खड्डा करा. फूटभर खोल, फूटभर रुंद. एकदा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाने पट्टी लावून बघा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर निचरा ठीक. अर्धा इंचही उतरलं नाही, तर आधी पाण्याला वाट करून द्या, गवत नंतर.

वाट म्हणजे दोन गोष्टी. जमिनीला घरापासून फाटकाकडे उतार हवा. पन्नास फुटांना फूटभर पुरतो. आणि सखल कडेला दीड फूट खोल चर हवा. त्यात खाली भोकाची पाइप, वर खडी, आणि माती आत शिरू नये म्हणून भोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. या चराचं पाणी शोषखड्ड्यात किंवा पावसाळी गटारीत सोडा. ड्रेनेजच्या चेंबरला ते कधीही जोडू नका. मोठ्या पावसात चेंबर उलटतं आणि तीच घाण तुमच्या, नाहीतर शेजाऱ्याच्या न्हाणीत वर येते.

जुन्या वस्त्यांत आणखी एक अडचण आहे. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर येतो आणि अंगण तेवढंच खाली राहतं. असं झालं असेल तर नुसता उतार काढून भागणार नाही, भर घालावी लागेल. भर मुरमाची घाला, वर आठ-नऊ इंच चांगली माती. बांधकामाचा राडारोडा भरीला वापरू नका. सिमेंटच्या तुकड्यांनी आधीच चुनखडीची असलेली आपली माती आणखी बिघडते.

काळ्या मातीत थोडी वाळू मिसळणं

हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो चुकीचा आहे. चिकण मातीत पाटी-दोन पाटी वाळू घातली की वाळल्यावर तिची वीट होते. मातीला फुलवायचं काम शेणखत आणि पालापाचोळ्याचं कुजलेलं खत करतं. दरवर्षी पावसाआधी इंचभर थर द्या. दोन-तीन वर्षांत फरक हाताला कळतो.

भिंतीला चिकटून हिरवळ

काळी माती फुगते तेव्हा पाया ढकलते, आकसते तेव्हा आधार सोडते. भिंतीलगत रोज पाणी घातलं की हा खेळ बारा महिने चालतो आणि जोत्याला तडे जातात. भिंतीपासून दोन-तीन फूट बाहेर उतार देऊन शहाबादी फरशी टाका. मात्र सगळ्या अंगणाला पेव्हिंग ब्लॉक लावणं हा उपाय नाही. मग पाणी जिरायला जागाच राहत नाही.

पाण्याच्या दिवशी नळी सोडून ठेवणं

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आलं की टाकी भरते आणि उरलेलं सगळं लॉनवर. उन्हाळ्यात हे खपून जातं, पण पावसाळ्यात तशीच सवय राहिली तर गवत बुडतं. बोट मातीत दोन इंच घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. संध्याकाळी तर नकोच, रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला आयतीच सापडतात.

पिवळं दिसलं की युरिया

आधी गवताचा एक झुबका उपटून बघा. मुळं तपकिरी-काळी, सहज तुटणारी आणि मातीला कुबट वास असेल, तर ते बुडालेलं आहे. त्याला खत नको, हवा हवी. पाणी काढा आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली की, पहारीने किंवा काट्याने वीतभर अंतरावर तीन-चार इंच खोल भोकं पाडून त्यांत चाळलेलं शेणखत भरा. पुन्हा नवी पांढरी मुळं दिसेपर्यंत युरियाला हात लावू नका.

मुळं पांढरी आहेत पण नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात थोडा लिंबाचा रस, आणि ऊन उतरल्यावर फवारणी. फरशीवर उडू देऊ नका, तिचे गंजासारखे डाग निघत नाहीत.

गोल तपकिरी चट्टे पसरत असतील तर ती बुरशी. कापणी थांबवा आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून पसरा. आणि गवतात लव्हाळा वाढायला लागला असेल तर तिथे पाणी साचतंय असं समजा. वरून उपटून तो जात नाही, खालच्या गाठी खणून काढाव्या लागतात.

ओल्या मातीवर चालणं आणि मशीन फिरवणं

शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. अंगणालाही तोच नियम. ओल्या काळ्या मातीवर एकदा मशीन फिरलं की ती दाबून घट्ट होते, आणि मोकळी करायला पुढचा हंगाम जातो. उशीर झाल्याने गवत वाढलं तरी एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

सखल कोपऱ्यात चुकीचं झाड

पपईच्या बुंध्याशी दोन दिवस पाणी थांबलं की ती गेलीच. डाळिंबालाही ओली, घट्ट माती सोसत नाही. शेवगा आणि सीताफळ उंचवट्यावर लावा. सखल कोपऱ्यात कर्दळ, वेखंड, अळू छान येतात. मोठं झाड हवं तर जांभूळ किंवा करंज. करंज उन्हाळाही काढतो. गवतात हरळी दोन्ही हंगाम सोसते. कारपेट लॉन दिसतं सुंदर, पण निचरा चांगला असेल तरच ते घ्या.

घरात पुराचं पाणी येऊन गेलं असेल, तर अंगणात उतरताना आधी बूट घाला, कारण गाळात काचा असतात आणि पालापाचोळ्यात साप. पातळ गाळ नळीने धुऊन काढा. बोटभर जाड असेल तर फावड्याने उचला, नाहीतर गवत गुदमरतं. त्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असेल, तर वाफ्यातली मेथी-कोथिंबीर उपटून टाका, धुऊनही खाऊ नका.