मेटल अल्बमचा रिव्ह्यू वाचायचा कसा अन् स्वतः लिहायचा कसा

हेवी मेटलचा (जड, कर्कश गिटारच्या रॉकचा) नवीन अल्बम आला की आधी रिव्ह्यू उघडू नका, पूर्ण अल्बम एकदा सलग ऐका, तोही चांगल्या हेडफोनवर, नागपूरच्या वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधे नाही. आपल्याकडे मे महिन्यात कूलरच्या घरघरीत खालचा सगळा आवाज बुडून जातो, बेस गिटार अन् डबल बास ड्रम (दोन्ही पायांनी वाजवतात तो खालच्या आवाजाचा मोठा ड्रम) काही कळत नाही, म्हणून घाम आला तरी तेवढा पाऊण तास कूलर बंद ठेवा. दुसऱ्यांदा ऐकताना वही घ्या अन् जिथं कान टवकारले किंवा बोर झालं तिथला टाइम लिहून ठेवा.

आता रिव्ह्यू वाचा. गाणी कशी, वाजवलंय कसं अन् रेकॉर्डिंग कसं हे तीन वेगळे प्रश्न आहेत, बरेच लोक सगळं एकात कालवतात. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' घ्या, त्यांच्या जेसन न्यूस्टेडनं बेस वाजवलाय पण मिक्समधे (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना) इतका दाबलाय की जवळपास ऐकूच येत नाही, म्हणून गाणी वाईट होत नाहीत नं. उलट त्यांचाच २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' इतका लाउड केला की आवाज फाटतो, अन् गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त मोकळी वाजतात हे फॅन्सनीच पकडलं! असं नेमकं सांगणारा रिव्ह्यू खरा कामाचा.

रिव्ह्यूची तारीखही पाहा. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम १९७० मधे आला तेव्हा रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकात समीक्षक लेस्टर बँग्सनं पार धुतला होता, लोकांनी मात्र ब्रिटनमधे टॉप टेनमधे नेला अन् आज मेटलची सुरुवात तिथून धरतात. म्हणून रिलीजच्या आठवड्यातलं एक मत अन् काही वर्षांनंतरचं एक, दोन्ही वाचा. स्टार किती दिले यापेक्षा लिहिणाऱ्याला काय आवडतं ते बघा, थ्रॅशवाला (वेगवान मेटल आवडणारा) डूम (संथ, जड मेटल) अल्बमला "फारच स्लो" म्हणत असेल तर डूमवाल्यासाठी ती तक्रारच नाही.

लिहायला बसलात की नुसतं "खतरनाक", "एक नंबर" लिहून सोडू नका, काहून खतरनाक ते सांगा: रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून) कुठं बदलते, स्नेअर ड्रम कोरडा वाजतो की घुमतो, गायकाचे शब्द कळतात की नाही. वहीतले टाइम इथंच कामी येतात, वाचणारा लगेच तिथं जाऊन ऐकू शकतो. बँडच्या जुन्या अल्बमशी तुलना एकाच पॅराग्राफमधे उरका, नाहीतर नवीन गाण्यांना जागाच उरत नाही. अन् नावडलेल्या गाण्याबद्दल लिहायच्या आधी ते दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी परत एकदा ऐकाच.