लोगो बदला, पण खूण मोडू नका

मालवणात लघुपट करणारी मुलं संकलनासाठी माझ्याकडे येतात. दुसरी फिल्म होईपर्यंत पहिल्या फिल्मच्या सुरुवातीला लावलेला आपल्या कंपनीचा लोगो त्यांना जुनाट वाटायला लागलेला असतो. नवा जरूर करा, पण बदलायला आधी काहीतरी पक्कं हवं.

म्हणून पहिल्या लोगोसाठी एखादी कृती शोधा. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या ‘प्रभात’ची तुतारी फुंकणारी स्त्री आठवा. नाव वाचायच्या आधीच कंपनी कळते. आर. के. फिल्म्सने आपली मुद्रा ‘बरसात’मधून (१९४९) घेतली, नायकाच्या एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. खूण स्वतःच्याच कामातून आली. तुम्हीही आपल्या फिल्मच्या फ्रेम्स चाळा. माड, होडी, मावळता सूर्य नकोच. ते इथल्या निम्म्या हॉटेलांच्या पाट्यांवर आहेत. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणारे हात घ्या, पायपेटीचा भाता घ्या, सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांचं उलटणारं गोल पान घ्या.

ती आकृती आधी नुसत्या काळ्या शाईत काढा आणि मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढी करून बघा. ओळखू आली नाही, तर थ्रीडी आणि सोनेरी चकाकीने काही साधणार नाही.

लांबी पाच सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाने १२० फ्रेम्स. शेवटचा दीड सेकंद सगळं स्थिर ठेवा, नाव वाचून व्हायला हवं.

आवाजावर मात्र मनापासून मेहनत घ्या. माझ्या मते लोगो डोळ्यांपेक्षा कानात जास्त टिकतो. दशावतारातल्या मृदंगाची एक थाप आणि मागून झांज, एवढं पुरतं. लाटांचा आवाज टाळा, लहान स्पीकरवर ती नुसती खरखर वाटते. किनाऱ्यावर रेकॉर्डिंग करायचं तर पहाटे जा. दुपारी खारा वारा चढला की माइकमध्ये फडफडच भरते.

आता बदल. एका वेळी एकच गोष्ट हलवा. आकृती नवी केली तर थाप तीच ठेवा; संगीत बदललं तर आकृतीला हात लावू नका. दोन्ही एकदम बदलली, की प्रेक्षकाला ती वेगळीच कंपनी वाटते. आणि जुन्या फिल्मवर नवा लोगो कधीच चिकटवू नका. तेव्हा तुम्ही कसे होतात, हे तिथेच दिसतं.

प्रत्येक आवृत्तीचे लेयर आणि आवाज वेगवेगळे साठवा. थिएटरच्या रुंद पडद्यासाठी, म्हणजे स्कोपसाठी, ४०९६ × १७१६ पिक्सेल आणि कमी रुंद पडद्यासाठी, म्हणजे फ्लॅटसाठी, ३९९६ × २१६० अशा प्रती काढा, फाइलच्या नावात वर्ष घाला. आपल्याकडे पावसाळ्यात हार्ड डिस्कला ओल लागते, तेव्हा दुसरी प्रत घाटावरच्या कुणाकडे तरी ठेवा.