कॉपी न करता स्वतःचं लेटरिंग (शब्दच चित्रासारखा रेखाटणं) सुचावं म्हणून मी काय काय करते

मागे मी एक ‘आई’ काढली होती, आ चा काना खाली लांबवून त्याने ई ला कवेत घेतलंय अशी, लोकांना जाम आवडली आणि मीही हवेत. चार दिवसांनी स्वतःच्याच सेव्ह केलेल्या पोस्ट चाळत होते तर तिथे सेम टू सेम आई, दुसऱ्या कोणाचीतरी, दोन वर्षं जुनी. मुद्दाम नव्हतं केलं हो, पण डोळ्यात बसलेलं हातातून उतरतंच. पोस्ट गुपचूप काढून टाकली.

तेव्हापासून एक नियम, नवीन शब्द हातात घेतला की तो संपेपर्यंत इन्स्टा-पिंटरेस्ट बंद. आधी वहीत त्या शब्दाशी जोडलेल्या वीसेक गोष्टी लिहायच्या, चित्र नाही, नुसत्या गोष्टी. ‘पाऊस’ म्हटलं की पहिल्या पाच-सहा सगळ्यांना सुचतात, थेंब, छत्री, ढग, शिरोरेषेतून ओघळणारं पाणी, त्यावर सरळ काट मारायची. माझ्या यादीत चौदावं होतं ‘स्लीपरने पँटच्या मागे उडालेला चिखल’. मग अक्षरं साधी ठेवली, चालणाऱ्या माणसासारखी किंचित पुढे झुकलेली, आणि प आणि स च्या दांड्यांमागे जुन्या टूथब्रशने तपकिरी शिंतोडे उडवले. बस्स. थेंब एकही नाही तरी बघणारा पाऊसच वाचतो.

दुसरं, रस्त्यावर बघा. आमच्या इथल्या एका रसवंतीच्या पाटीवर पेंटरने ‘रसवंती’ ऐसपैस लिहिलंय आणि ‘गृह’ला जागाच उरली नाही, तर पठ्ठ्याने ग बारीक केला आणि त्याच्या ऋकाराचं पोट डावीकडे ताणत ताणत थेट र पर्यंत नेलं, अख्ख्या शब्दाला अंडरलाइन! मी तो ऋकार उचलला नाही, युक्ती उचलली, की जागा कमी पडली की उकार-वेलांट्यांना कामाला लावायचं. फोटो काढताना पण मी अख्खी पाटी घेत नाही, एकच अक्षर किंवा एकच जोड घेते, म्हणजे नंतर कॉपी करायला काही उरतच नाही 😄

घरात जुनं मोडी लिपीतलं खरेदीखत असेल तर ते काढा. वाचता नाही आलं तरी चालेल. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घ्यायचे आणि मग बोरू (काडीची लेखणी) फारसा न उचलता अक्षरं खाली लटकवत जायचे. तुम्हीही शिरोरेषा शेवटी मारायच्या ऐवजी आधी मारून बघा, लय एकदम बदलते. जुनी छापील पंचांगं-पोथ्या पण भारी, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाईप (छपाईची अक्षरं) बघितला तर कळतं की ठळक-बारीकपणा कुठे यायला हवा.

आणि हत्यार बदला. इंग्रजी कॅलिग्राफीची कट निब (तिरकं कापलेलं टोक) देवनागरीत जाडी भलत्याच जागी आणते कारण आपल्या बोरूचा काप उलट्या बाजूला तिरका असतो. मी आईस्क्रीमची काडी ब्लेडने तशी कापून वापरते, कधी दोडक्याचं साल, कधी पॅकिंगचा तुकडा. हत्यार नवं असलं की पाठ झालेली वळणं हाताला जमतच नाहीत, त्यातच काहीतरी आपलं निघतं.

मोठ्या लोकांचं काम बघायचंच नाही का, तर बघायचं की. कमल शेडग्यांची नाटकांच्या जाहिरातीतली अक्षरं किंवा सुलेखनकार अच्युत पालवांचं मोडीवरचं काम मी वहीत गिरवते, पण वही वहीतच राहते, पोस्ट नाही करत. गिरवताना बाजूला लिहायचं की हे का चाललं, दांडा का कापला, गाठ का सोडली. आठवडाभराने ते मूळ काम न बघता फक्त त्या नोट्सवरून वेगळाच शब्द काढायचा.

शेवटी एक चेक, माझी आई नको तितकी स्पष्ट बोलते म्हणून तिलाच दाखवते. ‘हे कुठेतरी बघितलंय’ म्हणाली की पान उलटायचं. मागच्या आठवड्यात तीनदा उलटलं, ‘चहा’साठी, आणि अजून कप-बशी डोक्यातून जात नाहीये.