आठवी-नववीच्या मुलांसाठी मेक्सिको: तयारीची यादी

शाळेत एक दिवस मेक्सिकोचा करायचा, तर पहिलं काम तारखेचं. ऑक्टोबरचा शेवटचा किंवा नोव्हेंबरचा पहिला शनिवार-रविवार मिळत असेल तर तोच धरा. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांचे दिवस असतात, आणि त्याच सुमाराला आपल्या बाजारात झेंडूचे ढीग लागलेले असतात. झेंडू मूळचा तिकडचाच. तिथे त्याला सेंपासूचिल म्हणतात आणि त्याच्या पाकळ्यांची वाट दारापासून घरातल्या ओफ्रेंदापर्यंत, म्हणजे गेलेल्यांसाठी मांडलेल्या पूजेपर्यंत, घालतात. सणाची गर्दी सरली की भाव उतरतो. दोनेक किलो तेव्हाच घेऊन ठेवा. ५ मे मात्र टाळा. १८६२ मध्ये प्वेब्ला शहराजवळ फ्रेंच सैन्याला हरवल्याचा तो दिवस, त्याची खरी धामधूम असते अमेरिकेत. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर, आणि जल्लोष १५ तारखेच्या रात्रीचा.

दुसरं काम गाळण्याचं. मोठी टोपी, खोट्या मिशा, पिवळ्या चीजमधले नाचोज हे सामान यादीतून आधीच खोडा. नाचोज जन्मले मेक्सिकोतच, सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात, पण घरच्या रोजच्या ताटात ते शोधू नका. साडेबारा कोटींच्या वर लोकसंख्या आणि स्पॅनिशखेरीज ६८ मूळनिवासी भाषा असलेला देश एका दुपारी शिकवता येत नाही, म्हणून एक प्रदेश निवडा. मी वाहाका निवडते, कारण दक्षिणेतल्या या राज्यात मका, चॉकलेट, मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) आणि झापोतेक-मिश्तेक समाज हे सगळं एका जागी सापडतं. मुलांना सांगायच्या प्रत्येक गोष्टीच्या कागदावर कोपऱ्यात लिहा: कुठलं? उत्तरेत सोनोराकडे गव्हाच्या मोठ्या तोर्तिया (तिकडच्या पातळ भाकऱ्या), दक्षिणेत मक्याच्या. वाहाकात तमाल (मक्याच्या पिठाचे सारण भरून वाफवलेले उंडे) बऱ्याचदा केळीच्या पानात, इतरत्र मक्याच्या सालपटात. उत्तर आलं नाही तर तो कागद बाजूला ठेवा.

कुटुंबाचा भाग तयार करताना 'मेक्सिकोत एकत्र कुटुंबं असतात' असलं वाक्य तोंडात येऊ देऊ नका. २०२० च्या जनगणनेत सरासरी घर ३.६ माणसांचं निघालं. नाती दाट आहेत हे खरं, पण एका छपराखाली सगळे राहतात म्हणून नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला पाद्रिनो आणि माद्रिना, म्हणजे मानलेले धर्मपिता-धर्ममाता, मिळतात, आणि ते मुलाच्या आईबापांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे, म्हणजे सहपालक, होतात. रक्ताचं नसलेलं हे नातं पुढे जन्मभर चालतं, कर्ज मागण्यापासून नोकरीला चिकटवण्यापर्यंत. मुलांना हे समजवायला उत्तम जागा म्हणजे किन्सेआन्येरा, मुलगी पंधरा वर्षांची झाली की होणारा समारंभ. केक एका पाद्रिनोचा, बूट दुसऱ्याचे, वाद्यवृंद तिसऱ्याचा, असा खर्च वाटला जातो. तेरा-चौदाच्या मुली हे ऐकून सरसावून बसतात आणि कुणीतरी विचारतंच की मुलग्यांचं काय. उत्तर देऊ नका, त्यांनाच भांडू द्या.

नावांच्या खेळासाठी कोऱ्या पट्ट्या कापून ठेवा. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं: सहसा आधी वडिलांचं पहिलं, मग आईचं पहिलं, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. समजा सई विनायक जोशीच्या आईचं माहेरचं आडनाव कुलकर्णी, तर ती सई जोशी कुलकर्णी होईल. वर्गात कुणाचे आईवडील वेगळे राहतात, कुणाचे हयात नाहीत, हे आधी माहीत करून घ्या. पट्टीवर काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता स्वयंपाकघर. इथे तयारी आदल्या दिवशी सुरू होते आणि आळस चालत नाही. किराणा दुकानातलं मक्याचं पीठ आणून तोर्तिया थापायला जाल तर ती फाटेल, कारण तोर्तियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजलेला असतो. एक किलो वाळलेले मक्याचे दाणे (पॉपकॉर्नचे नव्हेत), तीन लिटर पाणी आणि पानवाल्याकडचा खायचा पांढरा चुना साधारण दहा-पंधरा ग्रॅम. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला चुना खातो. अर्धा-पाऊण तास उकळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी दाण्याचं साल बोटांनी चोळलं की सुटून येईल. दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि इडलीच्या ग्राइंडरमध्ये शक्य तितकं कमी पाणी घालून वाटा. चुन्याचं काम मोठ्यांनीच करायचं, पण थोडे दाणे न वाटता बाजूला ठेवा म्हणजे साल चोळायला मुलांना मिळेल. पाटा-वरवंटा कुणाकडे असेल तर जरूर मागवा. तिकडचा मेताते तीन पायांचा आणि उतरता असतो, त्यावर गुडघ्यावर बसून वाटतात. पाचव्या मिनिटाला मुलांचे खांदे भरून येतात आणि गिरणी गावात येण्याआधी घरातल्या बायकांची पहाट कशात जात असेल, ते वेगळं सांगावं लागत नाही.

हे सगळं कशासाठी, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांवर सोपवा. चुन्यामुळे मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं आणि कॅल्शियमही वाढतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. मग इटली-स्पेनमधल्या फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नियासिन न मिळाल्याने होणारा आजार, पसरला. माझ्या मते अख्ख्या दिवसात मुलांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

एका किलोत पन्नासेक छोट्या तोर्तिया होतात. थापायला दुधाच्या पिशव्या कापून धुऊन घ्या, दोन प्लास्टिकांमध्ये गोळा ठेवून जड ताटाने दाबा. तापलेला लोखंडी तवा, तोर्तिया गरम ठेवायला जाड कापड घातलेला डबा, आणि सोबत राजम्याची उसळ. टोमॅटो, कांदा, मिरची तव्यावर करपेपर्यंत भाजून रगडलेला साल्सा. तिखट बेताचं ठेवा, मिरचीची जात तिकडची म्हणून फुशारकी नको. गोडाला वेगळं काही करायला नको: राजगिऱ्याची वडी. तिकडे तिला आलेग्रिया म्हणतात आणि राजगिराही अमेरिका खंडातूनच आला. उपासाचा पदार्थ परदेशी निघाला म्हणून घरी जाऊन आज्जीशी वाद घालणारा एक तरी निघतोच. शेंगदाण्याची ॲलर्जी आधी विचारा. तमालच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी असते आणि वाहाकात भाजलेले नाकतोडे चवीने खातात, हे शाकाहारी वर्गापासून लपवू नका. फक्त 'ई' म्हणायला बंदी, हा नियम फळ्यावर आधीच लिहा.

ओफ्रेंदासाठी दोन पायऱ्या होतील असे बाक, स्वच्छ चादर, पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, धूप (तिकडे कोपाल नावाचा डिंक जाळतात), गोल पाव आणि कातरलेला पतंगी कागद. प्रश्न फोटोचा. घरून आजोबांचा फोटो आणायला सांगणं सोपं, पण वर्गात नुकतंच कुणी गमावलेलं मूल असू शकतं. तिथल्या शाळाही कित्येकदा सार्वजनिक व्यक्तीची ओफ्रेंदा मांडतात, तसं करा. माझी निवड पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचा हा क्रांतिकारक १९२० च्या दशकात चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होता, मक्यावर संशोधन करत होता, आणि चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरीच्या मेजावर बसवलं. त्यांचं निधन १९६७ मध्ये नागपूरला झालं. फोटोपुढे मक्याचं कणीस ठेवा.

इथे 'हे तर आपल्या पितृपक्षासारखंच' असं मुलं लगेच म्हणतील. अर्धं खरं आहे, गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ दोन्हीकडे होतो. पण घाई करून मान डोलवू नका. आपण त्या पंधरवड्यात मंगलकार्य टाळतो. तिथे लोक थडगी फुलांनी सजवून स्मशानात गाणी म्हणत रात्र काढतात, आणि १ तारीख लहानपणी गेलेल्या मुलांसाठी राखलेली असते. शिवाय शाळेतली मुलं जिवंत शिक्षकांवर मरणाच्या थट्टेच्या कविता लिहितात, त्यांना कालावेरिता म्हणतात. लिहून घ्या. नमुना म्हणून माझा:

मरणबाई वर्गात आली, म्हणाली, 'चला हो सर!'
सर म्हणाले, 'गृहपाठ दाखव, बाकी बोलू नंतर.'

मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या.

डिसेंबरच्या पोसादा (नाताळाआधीच्या रात्रींच्या मिरवणुका), ६ जानेवारीच्या रोस्कात (गोड पावात) लपवलेली बाहुली, ज्याला ती मिळेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल खिलवायचे, हे पाच मिनिटांत सांगून सोडा. सांगण्यापेक्षा लोतेरिया, म्हणजे चित्रांचा तंबोला, खेळा: ५४ चित्रं, प्रत्येकाकडे सोळा चौकोनांचा तक्ता, खुणेला राजम्याचे दाणे. चित्रं आदल्या आठवड्यात मुलांकडूनच काढून घ्या.

टोळ्या आणि गोळीबाराचा प्रश्न येणार, कारण मालिका सगळ्यांनी पाहिल्या आहेत. खोटं बोलू नका, हिंसा आहे, हजारो घरं बेपत्ता माणसांना शोधत आहेत. त्याच्या जोडीला स्थलांतराचा आकडा ठेवा: २०२३ मध्ये परदेशी राहणाऱ्यांनी घरी ६३ अब्ज डॉलर पाठवले. त्यामागे आजीपाशी वाढणारी मुलं आहेत, फोनवर होणारे वाढदिवस आहेत. कोकणातल्या किंवा आखाती देशांत बाप असलेल्या घरातल्या मुलाला बोलायचं असेल तर त्याला वेळ द्या.

शेवटचं, वेळापत्रक. जेवण दोनच्या आधी वाढू नका. तिकडचं मुख्य जेवण दोन ते चारच्या दरम्यानच असतं, आणि ताटं रिकामी झाल्यावर लगेच कुणी उठत नाही, बसल्या जागी गप्पा चालू राहतात. तो अर्धा तास कार्यक्रमात लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी हमखास बादली-फडकं घेऊन येईल. मुलांना न्यायला येणाऱ्या पालकांना साडेचारचीच वेळ सांगा.